चुकीचं उत्तर कोण देणार?

ज्या मुलीला बरोबर उत्तर सगळ्यांच्या आधी ठाऊक होतं, तिलाच मी चुकीचं उत्तर पाठ करायला लावलं. तीनदा तालीम घेतली. तिसऱ्या तालमीत ती इतकी सहज चुकली की मी खूश होऊन म्हणालो, "शाब्बास, आता अगदी खरं वाटतंय." हे वाक्य माझं आहे. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो, वय बावन्न. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण एकदा हवापाण्याच्या आणि आठवणींच्या गोष्टी सुरू झाल्या की मूळ गोष्ट मागे सारायची मला सवय आहे.

हिवाळा परत आलाय. सिल्वासातली थंडी काही फार कडक नसते, पण सकाळी दमणगंगेवर धुकं असतं आणि पुलावर समोरून कारखान्याची बस येते ती आधी नुसते दोन दिवे होऊन येते. किलवणीकडच्या शेतांत भात कापून झालेलं असतं. पेंढ्याचा कोरडा, गोडसर वास येतो आणि त्याच्या पाठोपाठ तापलेल्या प्लास्टिकसारखा कारखान्यांचा. इथे वीस-बावीस वर्षं राहिल्यावर हे दोन वास मला वेगळे काढता येत नाहीत. रस्त्याकडेला उंबाडियुंची मडकी पालथी घालून भोवती जाळ केलेला असतो. आत पापडी आणि कंद शिजत असतात. खानवेलच्या बसने येणारी मुलं पहिल्या तासाला हटकून उशिरा येतात आणि त्यांच्या स्वेटरांना चुलीच्या धुराचा वास असतो.

कॉलेजात मात्र हिवाळा ऑइलपेंटच्या वासाने येतो. दर काही वर्षांनी पाहणी समिती येते, आणि ती बहुधा याच दिवसांत. मग जिने रंगतात, बंद पडलेले पंखे फिरू लागतात, कुठून कुठून उसन्या कुंड्या येतात. यंदा पुन्हा समिती यायची आहे. परवा जिन्यातल्या कठड्याच्या ओल्या रंगाला हात लागला. बोटावरचा हिरवा डाग पुसायचं सोडून मी बघतच राहिलो. चार वर्षांपूर्वीही रंग हिरवाच होता.

त्याआधीची अठरा वर्षं मी व्याख्यानं दिली. बरी द्यायचो. खडू हातात घेतला की माझा आवाज आपोआप खाली यायचा आणि वर्ग शांत व्हायचा. प्रत्येक वाक्य मी दोनदा म्हणायचो, एकदा समजण्यासाठी आणि एकदा उतरवून घेण्यासाठी. पेपर इंग्रजीत, समजावणं हिंदीत, रागावणं गुजरातीत, असा आमचा कारभार. माझ्या नोट्स मुलं पुढच्या वर्गाला देत. एका मुलाच्या वहीत मी माझाच सात वर्षांपूर्वीचा विनोद जसाच्या तसा उतरवलेला पाहिला, खाली रेघ मारून. त्याचा मला अभिमान वाटला होता. आज थोडी लाज वाटते, पण फार नाही.

कारण व्याख्यानाला जितकी नावं ठेवतात तितकं ते वाईट नसतं. पहिली पाळी करून दुपारच्या तासाला आलेल्या मुलाला, नाहीतर जिला ना धड गुजराती येतं ना इंग्रजी अशा मुलीला, व्याख्यानात गप्प बसायची मुभा असते. कुणी त्यांना उघडं पाडत नाही. चुकलं तर शिक्षक चुकतो, कारण बोलत तोच असतो. मला हे तेव्हा कळत नव्हतं. तेव्हा मला फक्त माझा आवाज आवडायचा.

जयश्री तिसऱ्या वर्षाला होती. वडील शिरपूरकडचे, इथे धाग्याच्या कारखान्यात मशीन चालवतात. किलवणीत दोन खोल्यांत बिऱ्हाड. सुट्ट्यांत ती स्वतः पॅकिंगला जायची. बोलायची ते खानदेशी वळणाचं मराठी, मध्ये मध्ये कारखान्याची हिंदी. वर्गात बहुतेक गप्पच. त्या हिवाळ्यात एके दिवशी मी सरासरी शिकवत होतो, अगदी रंगात आलो होतो, आणि तिने हात वर केला. सर, ॲव्हरेज बरोबर असूनही माल परत येतो का, असं तिने विचारलं. माल या शब्दावर मागचे बाक हसले. मी म्हणालो, आधी माझं पुरं होऊ दे, प्रश्न शेवटी. शेवटी घंटा झाली.

ती स्टाफरूमच्या दाराशी आली. वडिलांच्या मशीनवरचा लॉट गिऱ्हाइकाने परत पाठवला होता. म्हणे, बॉबिनचं, म्हणजे धाग्याच्या रिळाचं, वजन कमी-जास्त आहे. वडिलांनी स्वतः वजनं करून पाहिली, तर खरंच तसं होतं. सुपरवायझरने हिशेब काढला तर सरासरी एकदम बरोबर. तेव्हा माल बरोबर, म्हणजे वजन करणाऱ्या वडिलांचंच काहीतरी चुकलं, असं ठरू लागलं होतं.

"पप्पा खोटे पडू राहिले सर," ती म्हणाली. "पण मला वाटतं, ॲव्हरेज काढलं ना, की जास्तीवालं कमीवाल्याला झाकून घेतं. म्हणून दिसत नाही."

मी पुढच्या आठवड्यात प्रमाण विचलन हा मथळा लिहून, त्याचं सूत्र मांडून जे सांगणार होतो, ते तिने दारात चपला पायात घालता घालता सांगितलं. मी म्हणालो, तेच आपण पुढे शिकणार आहोत. शिक्षकांना हे वाक्य फार उपयोगी पडतं. मुलाला आधीच कळलेलं असलं तरी ते आपण शिकवलं असं या वाक्याने होऊन जातं.

सोमवारी तिने पिशवीतून पाच बॉबिन आणल्या. वडिलांनी विचारून भंगारातून घेतलेल्या, धागा थोडा थोडा उरलेल्या. मला काय वाटलं कोण जाणे, मी खडू ठेवून दिला. कॅन्टीनमधून वजनकाटा मागवला, त्याला चहाची पावडर चिकटलेली होती. एकशे साठ ग्रॅम, एकशे ऐंशी, दोनशे, दोनशे वीस, दोनशे चाळीस. सरासरी बरोबर दोनशे. मग मी विचारलं, प्रत्येक बॉबिन दोनशेची हवी असं गिऱ्हाइकाने सांगितलंय, पाठवायचा का माल? आणि वर्गात जो गलका झाला तसा माझ्या अठरा वर्षांत झाला नव्हता. अर्धी मुलं म्हणाली पाठवा, अर्धी म्हणाली नका. सुरंगीहून येणारा एक मुलगा, ज्याचा आवाज मी तीन वर्षांत ऐकला नव्हता, उठून म्हणाला की काटाच टेबलाच्या उतारावर ठेवलाय, आधी तो सरळ करा. फळ्यावर माझीच एक बेरीज चुकली आणि ती तिघांनी एकदम दाखवली. शेजारच्या वर्गातून अर्थशास्त्राचे परमारसर डोकावले आणि म्हणाले, "अहीं शुं वेचाय छे?" इथे काय विकायला काढलंय?

मी त्या दिवशी चालत घरी गेलो. शिकवणं म्हणजे काय ते आपल्याला पन्नाशीला टेकताना कळतंय, असं वाटत होतं. जयश्रीच्या वडिलांचं पुढे काय झालं तेही तिने सांगितलं होतं. तिने घरी बसून सगळ्या वजनांचा तक्ता करून दिला आणि तो सुपरवायझरला पटला.

तो तास तिथेच राहिला असता तर बरं झालं असतं. पण परमारसरांनी कौतुकाने तो प्राचार्या मॅडमना सांगितला आणि त्याच आठवड्यात परिपत्रक निघालं. समितीला नुसती व्याख्यानं दाखवायची नाहीत. विद्यार्थी स्वतः करताहेत, बोलताहेत, चुका करून शिकताहेत असा एक तरी तास प्रत्येक विभागाने दाखवायचा. आमच्या विभागातून माझा. मॅडम म्हणाल्या, "सर, तुमचा तो बॉबिनचा तासच परत करा. फक्त गोंधळ नको."

गोंधळ नको म्हणून मी संहिता लिहिली. कोण काटा धरणार, कोण वजनं लिहिणार, कोण कधी हात वर करणार. कुणाला शंका येणार आणि ती कोणत्या शब्दांत येणार, तेही. अठरा वर्षं मी मुलांना उत्तरं उतरवून दिली होती. त्या हिवाळ्यात शंकाही उतरवून दिल्या. चुका करून शिकणं दाखवायचं म्हणजे एक चूक हवी. ॲव्हरेज बरोबर आहे, माल पास, असं कुणीतरी म्हणायचं, मग बाकीच्यांनी त्याला समजावायचं.

चुकीचं उत्तर कोण देणार, असं मी विचारलं तेव्हा सगळे आपापल्या वह्यांत बघू लागले. मितेश म्हणून एक चुणचुणीत मुलगा होता, इंग्रजी फाडफाड, वडील पालक प्रतिनिधी. त्याला मी बरोबर उत्तराची भूमिका आधीच देऊन ठेवली होती. माझी नजर जयश्रीवर थांबली.

"मी?" ती म्हणाली. "सर, पण हे तर..."

"तुला विषय पक्का कळलाय ना, म्हणूनच तुला जमेल," मी म्हणालो.

ती थोडी हसली. विचारलं, "म्हणजे मी असं बोलू, की ॲव्हरेज बरोबर आहे म्हणून माल पास?" मी हो म्हणालो. तिने वहीत लिहून घेतलं.

मी स्वतःला जे कारण सांगितलं ते हेच, की तिला विषय पक्का येतो. खरं कारण मला त्याच क्षणी ठाऊक होतं. चुकीचं उत्तर तिच्या तोंडी शोभेल असं मला वाटलं. तिचा तो हेल, ते 'येऊ राहिलं', 'पडू राहिले', ऐकणाऱ्याला लगेच पटेल. मितेशच्या इंग्रजीत चूक पटली नसती. मी मूळचा सटाण्याचा. माझी आई अशीच बोलायची. इकडे नोकरीला लागलो तेव्हा पहिल्या वर्षभरात मी तो हेल प्रयत्नाने घासून काढला, आरशासमोर उभा राहून. म्हणजे त्या हेलाला लोक काय समजतात हे माझ्याइतकं त्या वर्गात कुणालाच माहीत नव्हतं.

तो दिवस छान उजाडला. धुकं लवकर विरलं. समितीचे तिघे, प्राचार्या मॅडम, आणि कॉलेजच्या सल्लागार मंडळावरचे साळुंकेसाहेब अशी मंडळी मागच्या बाकांवर बसली. साळुंके नाशिकचे, इथल्या एका मोठ्या धाग्याच्या कारखान्यात क्वालिटीचे मॅनेजर. जयश्रीचे वडील ज्यात आहेत तो नव्हे, दुसरा. शांत, सभ्य माणूस. खिशातून छोटी वही काढून त्यांनी गुडघ्यावर ठेवली.

सगळं ठरल्यासारखं झालं. काटा नवा होता. टेबल सरळ होतं. जयश्री उठली आणि म्हणाली, ॲव्हरेज बरोबर येऊ राहिलं सर, माल पास. एवढ्यात मितेशने संहितेत नसलेलं एक वाक्य घातलं, "अरे, ये तो बेसिक है यार," आणि वर्ग हसला, पाहुणेही हसले. मला वाटलं, वा, किती जिवंत. मितेशने फळ्यावर जाऊन सगळं झकास समजावलं. टाळ्या झाल्या. तास संपला असं समजून मी डस्टर उचललं, तेव्हा साळुंकेसाहेबांनी हात वर केला. एक विचारायचं होतं, त्या मुलीला. त्यांच्या आवाजात काही खोच नव्हती, उलट तिलाही बोलायची संधी मिळावी असं असावं.

"बेटा, हे आत्ता कुणी समजावलं नसतं आणि तू कारखान्यात चेकिंगला असतीस, तर हा लॉट सोडला असतास का?"

हे संहितेत नव्हतं. जयश्रीने माझ्याकडे पाहिलं. ती काय विचारत होती ते मला स्पष्ट कळलं. खरं बोलू की तुमचं सांभाळू, एवढंच. खरं बोलली असती तर एका मिनिटापूर्वी ती खोटं बोलली हे उघड झालं असतं, आणि मग सगळा तासच. मी बोलू शकत होतो. मी डस्टरकडे बघितलं.

"हो सर," ती म्हणाली. "सोडला असता."

साळुंकेसाहेबांनी मान हलवली आणि वहीत काहीतरी लिहिलं.

समितीच्या अहवालात माझ्या तासाचा उल्लेख आला. पेढे वाटले गेले. दोन-तीन वर्गांनी मला 'ॲक्टिव्हिटीवाले सर' म्हणायला सुरुवात केली. जयश्रीला काही पोरं 'माल पास' म्हणून हाक मारायची, हे मला पुढे कळलं. ती म्हणे हसून घ्यायची.

मार्चमध्ये साळुंकेसाहेबांच्या कारखान्याचे लोक मुलाखतींना आले. क्वालिटी विभागात एक ट्रेनी हवा होता. जयश्री आणि मितेश असे दोघे शेवटपर्यंत राहिले. कागदावर ती पुढे होती. मधल्या सुट्टीत साळुंकेसाहेब माझ्याशेजारी चहा घ्यायला उभे राहिले. म्हणाले, मुलगी कष्टाळू आहे, मशीनची माहिती आहे, पण सर, बेसिक कच्चं वाटतं. त्या दिवशी बघितलंच आपण. क्वालिटीत असा माणूस म्हणजे जोखीम. तुम्हाला काय वाटतं?

त्यांनी विचारलं होतं. सरळ, मोकळेपणी, तोंडाकडे बघून. फक्त एक वाक्य सांगायचं होतं, की ती चूक मी लिहून दिली होती. पण ते वाक्य सांगितलं की तास खोटा, अहवाल खोटा, मॅडमचा चेहरा, माझं नवं नाव. मी चहा ढवळला आणि म्हणालो, "हं."

मितेशला जागा मिळाली. त्याने ती चार महिन्यांत सोडली, कारण वडिलांचा धंदा होताच. जयश्रीला त्यांनी पॅकिंगमध्ये येतेस का असं विचारलं. ती नाही म्हणाली, आणि वडिलांच्याच कारखान्यात पॅकिंगला कायमची लागली.

पुढचं वर्षभर मी पुन्हा नुसती व्याख्यानं दिली. लोकांना वाटलं थकलो. मला बाकावरच्या एकाही मुलाला उठवून काही विचारायची भीती वाटायची. मग हळूहळू पुन्हा वजनकाटा, पुन्हा गट, पुन्हा गलका, पण कुणी डोकावलं की माझं बोलणं अडखळतं. आमच्या स्टाफरूममध्ये व्याख्यान बरं की उपक्रम यावर वाद चालतो आणि दोन्ही बाजूंना वाटतं की मी त्यांचा. परमारसर म्हणतात, आ बधुं नाटक छे, हे सगळं नाटक आहे, गुपचूप शिकवा. तरुण मंडळी म्हणतात, व्याख्यानात मूल दिसत नाही. मी दोघांचं ऐकतो. जयश्री मला व्याख्यानात दिसली होती, स्टाफरूमच्या दारात दिसली होती. जो तास मी मुलांना बघण्यासाठी म्हणून उभा केला, त्यात मी तिला बघितलं नाही. मला तिचं चुकणं हवं होतं, ती नको होती. यावर बाजू घ्यायची तर कुणाची घ्यायची?

यंदा तन्वी नावाची नवी सहकारी आलीय, उत्साही मुलगी. समितीचं ठरताच ती माझी जुनी फाइल काढून घेऊन आली. सर, तुमचा तो गाजलेला तास मी करते, सगळी संहिता आहेच, मुलांना वाटणी करून देऊ का? आणि यादीवर बोट ठेवून तिने अगदी सहज विचारलं, "सर, चुकीचं उत्तर कोण देणार?"

मी फाइल तिच्या हातून घेतली. तिला म्हणालो, उद्या बोलू.

रविवारी किलवणीला गेलो. भाताचे भारे रचून झाले होते, अंगणाअंगणांत उन्हाला काही ना काही पसरलेलं होतं. जयश्रीच्या वडिलांनी मला ओळखलं. पाळी संपवून नुकतेच आले होते, डोळे लाल, तरी खुर्ची पुसून दिली. "बसा सर, पोरीचे सर म्हणजे आमचे बी सर," म्हणाले, आणि चहा ठेवायला स्वतःच आत गेले. जयश्री समोर बसली. थोडी भरलीय, केस आखूड केलेत, हातावर पॅकिंगच्या पट्टीने कापल्याच्या दोन बारीक खुणा.

मी बोलायला लागलो. आधी थोडी प्रस्तावना, शिक्षणपद्धतीतल्या बदलांची. मग त्या काळात आमच्यावर असलेलं दडपण. मग माझ्या निवडीमागची कारणं, आणि त्यातली चूक. मग आईचा हेल. मग समारोप. मी बराच वेळ बोललो असेन. ती तशीच ऐकत होती, वर्गात ऐकायची तशी, मान किंचित कलती. फक्त वही नव्हती. चहाच्या 'हं'बद्दल मी काही बोललो नाही. तो मुद्दा मी घरूनच वगळून आलो होतो.

माझं संपल्यावर तिने विचारलं,

"सर, हे पाठ करून आलात का?"

टोमणा होता की खरंच विचारत होती, कळलं नाही. मी हो म्हणालो. रस्ताभर घोकत आलो होतो, ते खरंच होतं.

"मला सांगून काय उपयोग सर," ती म्हणाली. "मला तर माहीतच होतं मी चुकले नाही ते. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा ना."

वडील चहा घेऊन आले. मग थंडीच्या आणि भाताच्या गोष्टी झाल्या.

बुधवारी सल्लागार मंडळाची बैठक होती, समितीच्या तयारीची. मॅडम होत्या, परमारसर, तन्वी, आणि साळुंकेसाहेब. माझा विषय आला तेव्हा मी उभा राहिलो. कागद मुद्दाम नेला नव्हता. मी म्हणालो की चार वर्षांपूर्वीचा तो तास ठरवून केलेला होता. जयश्री नावाच्या मुलीने दिलेलं चुकीचं उत्तर मी लिहून दिलं होतं. बरोबर उत्तर त्या वर्गात सगळ्यांत आधी तिने शोधलं होतं, मी शिकवायच्याही आधी. आणि यंदा असा तास होणार नाही, होईल तो गोंधळासकट होईल. मॅडम टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासकडे बघत होत्या. परमारसरांनी पहिल्यांदाच काही विनोद केला नाही.

साळुंकेसाहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "पण सर, मी तुम्हाला विचारलं होतं. चहा घेताना."

"हो," मी म्हणालो. "विचारलं होतं."

"मग?"

मी खाली बसलो. त्यांनी ते पुन्हा विचारलं नाही. बैठक संपल्यावर जिन्यात ते माझ्यासाठी थांबले. ती मुलगी अजून इथेच आहे का, तिला म्हणावं मला येऊन भेट. जागेचं आत्ता सांगत नाही, पण माझ्याकडून जे लिहिलं गेलं ते मी तिला दाखवतो आणि तिच्यासमोर खोडतो. एवढं बोलून ते गेले. मला त्या माणसाचा हेवा वाटला. त्याला खोडायला निदान एक ओळ होती.

त्याच संध्याकाळी, कारखान्याची बस येते त्या सुमाराला, मी पुन्हा किलवणीच्या नाक्यावर उभा राहिलो. जयश्री उतरली, मला बघून थबकली, बरोबरच्या बायकांना पुढे जा म्हणाली. मी बैठकीचं सांगितलं. साळुंकेसाहेबांचा निरोप दिला. तिने तो नीट ऐकला. बघते, म्हणाली. मग विचारलं, ते आणखी काय बोलले?

"त्यांनी मला तेव्हा मार्चमध्येच विचारलं होतं, तुझ्याबद्दल," मी म्हणालो. "मुलाखतीच्या दिवशी. तुझं बेसिक कच्चं आहे का, असं. मी 'हं' म्हणालो."

हे तिला माहीत नव्हतं. त्या रविवारी तिने जे समजून घेतलं होतं, त्यात हे नव्हतं. तिच्या चेहऱ्यावरचा सगळा समजूतदारपणा एकदम उतरला, आणि मी आजवर न पाहिलेला राग तिथे आला.

"का?" ती म्हणाली.

माझ्याकडे कारणं होती, क्रमाने लावलेली. ती मी बाहेर काढली नाहीत.

"घाबरलो होतो," मी म्हणालो. "तुझी जागा माझ्यामुळे गेली. मला माफ कर, जयश्री."